हरवलेलं जर्नल

मामांनी पुष्पगुच्छ टेबलावर ठेवला आणि माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत उभा जन्म परीक्षानळ्या विसळलेल्या या माणसानं आता चार गमतीजमती सांगाव्यात, एवढीच जुन्या विद्यार्थ्यांची अपेक्षा होती.

"मला एकीची माफी मागायचीय," मामा म्हणाले. "चिमणी आलीय ना?"

सभागृहात हशा पिकला. तिसऱ्या रांगेतली बुटकीशी, केस पिकलेली चिमणी लाजत उभी राहिली. तिच्या शेजारच्या बाईंनी हातातला कप खाली ठेवून दिला. या बाईही त्याच वर्गातल्या. पण एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्यापासून मित्रमंडळी थट्टेनं त्यांना बाईच म्हणत.

"शेवटच्या वर्षी हिचं जर्नल हरवलं," मामा सांगू लागले. "जर्नल नाही म्हणून प्रात्यक्षिक परीक्षेला बसू दिलं नाही. दर वर्षी पहिली येणारी पोर, तिचं वर्ष गेलं. जर्नलं माझ्या ताब्यात होती. माझ्या हातून हरवलं, असं तेव्हा सरांपुढे म्हणवलं नाही. आज म्हणतो. माझं चुकलं, पोरी."

चिमणी जवळजवळ धावतच पुढे गेली.

"अहो मामा, काय हे! मी कधीच विसरले ते."

टाळ्या वाजल्या. पुढचं सगळ्यांनाच ठाऊक होतं. वर्ष बुडाल्यावर वडिलांनी चिमणीचं शिक्षण थांबवलं आणि आजतागायत ती एका चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवत होती. बाईही टाळ्या वाजवत होत्या. आपलेच हात वाजताहेत हे ध्यानात आलं, तेव्हा त्यांनी ते मांडीवर दाबून धरले.

त्या वर्षी पहिल्या आल्या होत्या बाई. फार मोठं कारस्थान वगैरे नव्हतं. ढिगातलं जर्नल उचललं, पिशवीत टाकलं. चिमणी दोन दिवस रडेल, मग सापडलं म्हणून देऊन टाकू. पण ती खरंच रडायला लागली तेव्हा द्यायचा धीर झाला नाही. आणि निकालाच्या फळ्यावर आपलं नाव सगळ्यात वर दिसलं, तेव्हा तशी इच्छाही उरली नाही.

जेवणं सुरू झाली. मामा गर्दीला कंटाळून बाहेर पायरीवर जाऊन बसले होते. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मामा, जर्नल तुमच्या हातून हरवलं नव्हतं. मी घेतलं होतं."

मामांनी मान वर केली.

"कुठं ठेवलं होतंस?"

"पिशवीत. त्याच दिवशी घरी नेलं."

"म्हणजे प्रयोगशाळेत नव्हतंच?"

"नव्हतं."

"मी आठवडाभर कपाटं सरकवत होतो. बेसिनखालचा पाइपसुद्धा खोलला. बायको म्हणाली, एवढी जाडजूड वही पाइपात जाईल का? तरी खोलला." मामा थांबले. "म्हणजे मी नीट शोधलं होतं."

त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की बाईंना त्यांच्याकडे बघवेना. शिव्या ऐकायची त्यांनी मनाची तयारी केली होती. या सुटकेपुढे मात्र त्यांना उभं राहता येईना.

"मामा, काहीतरी बोला मला."

"मी काय बोलणार?" गुडघ्यावर हात टेकून मामा उठले. "वर्ष जिचं गेलं, ती आत बसलीय."

बाई आत गेल्या. चिमणीनं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

"होतीस कुठं? तुझं ताट वाढून घेतलंय, गार झालं बघ सगळं. बस."

बाई खुर्चीची पाठ धरून उभ्याच राहिल्या.

"मला तुला काही सांगायचंय."

"मग सांग की."

"तू आधी जेवून घे."

चिमणीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, आणि हातातला घास परत ताटात ठेवला.