ग्रासियास म्हणजे पुरे

माझ्या नवऱ्याने, क्रिस्पीनने, जन्मात कुणाचे आभार मानले नाहीत. पाराग्वारीहून असुन्सिओनला बस चालवायचा आणि वाटेत भेटेल त्याला शिव्या घालायचा. झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली आणि नेमका एकच शब्द मागे राहिला: ग्रासियास. आभारी आहे. पाणी दिलं तरी ग्रासियास, डास चावला तरी ग्रासियास. देवाला थट्टा सुचावी तर अशी.

सकाळी मी त्याच्या सदऱ्याची बटणं लावायची तेव्हाही तो ते म्हणायचा. त्यात अर्थ नाही हे मला ठाऊक होतं, पण मी बटणं सावकाश लावायची.

खरी पंचाईत झाली शेजारच्या विल्फ्रिदोच्या अंगणात. दुपारी सगळे जुने ड्रायव्हर तिथे आंब्याखाली तेरेरे प्यायला जमतात. शिंगाचा एकच पेला, एकच नळी. विल्फ्रिदो येर्बाच्या पाल्यावर गार पाणी ओततो आणि पेला फिरवतो. प्यायलात की मुकाट्याने परत द्यायचा. ग्रासियास म्हटलं, की माझं पुरे झालं, आता मला देऊ नका. क्रिस्पीनने पहिलाच पेला परत केला, तोंडातून ते निघालं, आणि पुढच्या फेरीत विल्फ्रिदोचा हात त्याला ओलांडून गेला.

मी जाऊन भांडले. "अरे, त्याला तेवढंच येतं. पुरे नाही म्हणत तो."

"कळतंय वहिनी," विल्फ्रिदो म्हणाला. "पण हाताला कोण सांगणार? तो शब्द ऐकला की पुढे जायचं, ही जन्माची खोड आहे त्याची."

मग त्यांनी उलटंच आरंभलं. तो काहीही म्हणो, पाजतच राहायचे. एके दिवशी विजार ओली करून घरी आला. त्यानंतर पुन्हा वगळायला लागले, आणि क्रिस्पीन घरात भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. वाचा गेली तेव्हा रडला नव्हता. आता रडला.

असुन्सिओनच्या एका दवाखान्यात झटक्यानंतर गेलेल्या वाचेवर संशोधन चाललं होतं. मी त्याला तिथे नेऊ लागले. नोएलिया नावाची पोरगी चित्रं दाखवायची: किल्ली, कंगवा, बूट. सगळ्याला एकच उत्तर, पण दर वेळी सूर वेगळा. तिला केवढा आनंद त्याचा.

"मावशी, काकांचा सूर शाबूत आहे. या सुरावरच दुसरे शब्द बसवू."

"किल्लीबिल्ली राहू दे. 'अजून दे' एवढं शिकव."

"शिकवू. वेळ लागेल. तोवर हा शब्द बोलू दे त्यांना, आपल्या हातात तेवढाच धागा आहे."

क्रिस्पीनला कुठला दम? एका दुपारी स्वतःच पाय ओढत विल्फ्रिदोकडे निघाला. मी कुंपणाशी उभी राहिले. तो प्यायला, डाव्या हाताने पेला परत दिला आणि खालचा ओठ दातांत असा दाबला की रक्त आलं. पेला फिरून पुन्हा त्याच्याकडे आला.

"म्हाताऱ्या, नळी लाल केलीस की," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तोही हसला, ओठ न सोडता. पोट भरलं तेव्हाच ओठ सोडून म्हणाला, ग्रासियास.

त्यानंतर दवाखान्यात त्याने तोंड उघडलं नाही. किल्ली नाही, कंगवा नाही. नोएलियाचा चेहरा उतरला. "होता तो शब्दही गेला, मावशी."

"गेला नाही. जपून ठेवलाय त्याने."

"पण बोललेच नाहीत तर मी कशावर काम करू?" तिने चित्रं गोळा केली. संशोधनातून त्याचं नाव गेलं. आता दुसरा शब्द यायचा नाही, हे त्यालाही कळलं होतं. परतताना बसमध्ये तो सबंध वाट खिडकीबाहेर बघत होता.

घरीही गप्प. बटणं मी झटपट लावायला लागले, सावकाशीत आता काय उरलं होतं? मला राग यायचा. खोटा का होईना, तो शब्द मला हवा होता.

परवा सकाळी शेवटच्या बटणाशी माझा हात होता. त्याने ओठ सोडला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "ग्रासियास."

मी घाबरले. आता तो शब्द पुरे झाल्याशिवाय त्याच्या तोंडून निघत नाही.

"अजून नाही," मी म्हटलं. "विल्फ्रिदो वाट बघतोय तुझी." आणि बटण लावलं.