घरातही घालता येईल अशी टोपी

मासेरू शहरातल्या बसस्टँडमागे टोप्या विकणाऱ्या बायकांची एक रांगच बसते. मानेओ सकाळी नऊला त्या रांगेत शिरली आणि अकरा वाजले तरी तिथंच होती, कारण तिच्या नवऱ्याला एकही टोपी पसंत पडेना. मोलेफीचं वय चौपन्न. गेल्या तीन वर्षांत त्याचं कपाळ मागे सरकत सरकत पार मानेपाशी जाऊन टेकलं होतं. परवा छपराचा पत्रा ठोकायला तो अर्धा तास वर काय चढला, टाळूची सालं निघाली. आणि आता नाताळसाठी आईकडे जायचं होतं. थाबा-त्सेकापर्यंत बस, तिथं मावसबहिणीकडे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी डोंगरातून चार तास पायी, तेही डिसेंबरच्या, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्याच्या, उन्हात. अशा माणसाला टोपी लागते हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

पण मोलेफीची आपली नाटकं चालूच. कापडी गोल टोपीत म्हणे तो शाळेतल्या पोरासारखा दिसतो. फेल्टची रुंद काठाची घातली तर घाम येतो. गवताची मोकोरोत्लो त्याला छान दिसत होती, शंकूसारखी, वर विणलेला गोंडा, कानांपर्यंत सावली. म्हाताऱ्या विक्रेतीनं आरसा धरला, मानेओनं मान डोलावली, तर हा विचारतो काय, की ही घरात बसताना घातली तर चालेल का? प्रत्येक टोपीला त्यानं हेच विचारलं होतं. शेवटी म्हातारी वैतागली.

"घरात टोपी घालून बसतो तो एक तर आजारी असतो, नाहीतर काहीतरी लपवत असतो. तू त्यातला कोण रे बाबा?"

मानेओनं मोकोरोत्लोचे पैसे दिले आणि विषय संपवला. पण बसकडे जाताना तिनं तिरक्या नजरेनं पाहिलं, तर नवऱ्यानं शेजारच्या दुकानातून एक तपकिरी विणलेली लोकरी टोपी घेतली आणि गुपचूप खिशात कोंबली. भर उन्हाळ्यात लोकर! मानेओला हसू आलं आणि रागही आला. या वयात एवढा नखरा कुणासाठी? खाणीवर स्वयंपाकी म्हणून कामाला असताना तो दर रविवारी डोकं साफ तासायचा, ते तिला आवडायचं. घरी आल्यापासून मात्र सहा आठवडे त्यानं वस्तऱ्याला हात लावला नव्हता. मध्ये तुकतुकीत टक्कल आणि भोवती करडी झालर, असं ध्यान घेऊन तो गावभर फिरत होता. तिनं दहा वेळा चिडवलं तरी ढिम्म.

बस चढणीला लागली तेव्हा तिनं विचारलंच. म्हणाली, खरं काय ते सांगा, कुणी जुनी मैत्रीण भेटायची आहे का वर?

मोलेफी हसला नाही. खिडकीबाहेर बघत हळूहळू बोलू लागला. चार वर्षांपूर्वी थोरला भाऊ थाबिसो वारला तेव्हा ती खबर आईला द्यायला तोच गेला होता. घरातलं माणूस गेलं की सगळ्या घरानं डोकं भादरायचं, ही रीत. तोही भादरून गेला. आईच्या अंगणात शिरला, मोठ्यांसमोर काढायची म्हणून टोपी काढली, आणि त्याला एक शब्दही बोलावा लागला नाही. आईनं ते डोकं बघितलं आणि होती तिथंच खाली बसली. त्यानंतर तीन नाताळ त्याला सुट्टी मिळाली नाही; खाणीवर मागे राहणाऱ्यांना जेवायला घालायला स्वयंपाकी लागतोच. त्या तीन वर्षांत केस गेले. आईला हे ठाऊकच नव्हतं.

"तिची दोनच उरलोय, मी आणि बहीण," तो म्हणाला. "मी पुन्हा बोडक्या डोक्यानं तिच्या दारात उभा राहिलो तर तिला काय वाटेल? तिचं काळीज आता पहिल्यासारखं नाही गं."

आपण याला नखरेल म्हणालो, याचं मानेओला फार वाईट वाटलं. मग ती तोडगे काढू लागली. निरोप पाठवावा? पण वर फोन लागत नाही, आणि "केस गेले" हा निरोप तीन तोंडांतून जाऊन आईपाशी पोचेपर्यंत त्यातले केस राहतील कशावरून? आपण पुढं जाऊन सांगावं? एकटी सून दारात दिसली की सासू पहिलं विचारणार, माझा मुलगा कुठाय. दारातूनच ओरडावं, की कुणी मेलं नाही? ऐन नाताळच्या सणात उंबऱ्यावर मरणाचं नाव कोण काढतं?

म्हणून मोलेफीनं आपली अक्कल लढवली होती. भादरलेलं डोकं सगळीकडून साफ असतं, तेव्हा झालर तरी वाढवू, म्हणजे आई ओळखेल. पण झालर पडली विरळ. त्याचा तिच्यावर भरवसा बसेना. मग हे दुसरं. गवताची टोपी अंगणात काढायची, आत लोकरी असेलच. डोक्याला सर्दी झालीय म्हणायचं.

मानेओला हे पटलं नव्हतं. पण त्याचा चेहरा बघून तिनं ते चालवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते शेवटची टेकडी उतरले. म्हातारी माथाबिसो भिंतीच्या सावलीला चटईवर बसून राजमा निवडत होती. वय शहाऐंशी, पण नजर घारीची. थोरल्या मुलाच्या नावानं ती माथाबिसो, थाबिसोची आई. मुलगा गेला तरी नाव तेच राहिलं होतं. लेकाला ओळखून तिचा चेहरा फुलला. मोलेफी वाकला, मोकोरोत्लो काढून छातीशी धरली, आणि नमस्कार केला.

म्हातारीचे हात राजम्यात थांबले. ती त्या लोकरी टोपीकडे बघत राहिली. एवढ्या उन्हात, आईसमोर, झाकलेलं डोकं. मोलेफी सर्दीचं काहीतरी पुटपुटला, पण ते तिच्या कानांपर्यंत पोचलंच नाही. तिनं सुनेकडे मान वळवली आणि अगदी हलक्या आवाजात नातीचं विचारलं, नेओ कुठाय.

नेओ बरी आहे, मुलं घेऊन परवा येतेय, मानेओ घाईघाईनं म्हणाली.

"आणि माझी पोरगी?"

नणंदबाईही बऱ्या आहेत, काल थाबा-त्सेकातच भेटल्या, असं मानेओनं सांगितलं. म्हातारीचा विश्वास बसला नाही. ती हाताचा टेकू घेऊन उठायला लागली, आणि मांडीवरचा राजमा सगळा अंगणात सांडला. जिच्यापासून तिला वाचवायचं होतं तीच भीती नवऱ्याच्या डोक्यावरच्या त्या टोपीनं तिच्या अंगणात आणून उभी केली होती. मानेओला दिसलं, मोलेफीचा हात वर जातोय आणि मध्येच थांबतोय.

"काढा ती," मानेओ म्हणाली. "अहो, काढा!"

त्यानं टोपी ओढून काढली आणि आईपुढं गुडघ्यांवर बसला. म्हातारीनं दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून मांडीवर ओढलं. टाळूवरून तळवा फिरवला. सोललेल्या कातडीवर बोटं अडखळली. मग बोटं कानामागे गेली, तिथल्या करड्या झालरीत शिरली, आणि तिनं ते केस असे काही ओढले की मोलेफी कळवळला.

"हे खरे आहेत?"

"खरे आहेत गं आई."

"आणि वरचे कुठं गेले?"

"गळले. वयानं."

"नुसते केस गेले? बाकी कुणी नाही?"

"नुसते केस, आई."

म्हातारीनं एक लांब श्वास सोडला, आणि मग मुलाच्या पाठीत असा रट्टा घातला की कोंबड्या पळाल्या. त्याला आणि त्याच्या अकलेला तिनं नावं ठेवली, ती टोपी विणणारीलाही सोडलं नाही. शिव्या देतादेता तिच्या डोळ्यांतून धार लागली होती, आणि हात टकलावरून हलत नव्हता. मानेओ सांडलेला राजमा गोळा करायला बसली, कारण तिलाही तोंड लपवायला काहीतरी हवंच होतं.

बऱ्याच वेळानं म्हातारी शांत झाली. मोलेफीनं मान उचलायला पाहिलं, तर तिनं ती पुन्हा दाबून खाली धरली.

"पुढच्या खेपेला त्या टेकडीवरूनच बोडका उतर," ती म्हणाली. "ऊन लागलं तर लागू दे. अशी झालर कुणाचीच नाही इथं, मी लांबूनच ओळखीन की सगळे जिवंत आहेत."