काटकोनाचा बीम

मला राग लवकर येतो हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी तोंड वाकडं करायला नको. तीस वर्षं सळया बांधतोय. माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत आणि बाराही जणांना मी रोज सकाळी एकदा तरी झापतो, त्याशिवाय कामाला सुरुवात झाल्यासारखं वाटत नाही.

लोकांना वाटतं, इमारत म्हणजे सिमेंट. अहो, सिमेंटचं काय, ओतलं की झालं! नुसत्या काँक्रीटचा बीम वजन पडलं की खालून तडकतो. त्याच्या पोटात सळई लागते. ती सळई मापात कापायची, वाकवायची, रिंगांमधून ओवायची आणि तारेच्या गाठी मारून जागच्या जागी बसवायची, हे आमचं काम. मग वरून काँक्रीट पडतं आणि आमचं सगळं काम आत गडप. पुढे शंभर वर्षं लोक वर राहणार, नाचणार, भांडणार, पण खाली कुणी गाठी मारल्यात हे एकालाही माहीत नसणार. मला ह्याचं फार वाईट वाटतं, पण बोलणार कुणाला?

आमचं काम बघणारं माणूस एकच, साइटच्या इंजिनियर मॅडम. काँक्रीट ओतायच्या आधी त्या टेप, टॉर्च आणि निळा खडू घेऊन येतात. गाठ सैल दिसली, दोन रिंगांमध्ये बोटभर जास्त अंतर दिसलं, की तिथे निळी खूण. जेवढ्या खुणा तेवढ्या चुका. माझ्या गँगचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे एका बीमला तीन खुणा. तीन! त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला होता.

आता पोरीचं सांगतो. माझी एकुलती एक पोरगी त्याच साइटच्या ऑफिसात बसते. कुठली सळई किती लांब कापायची, कुठे वाकवायची, ह्याची यादी ती काढते. हुशार आहे, आईवर गेलीय. तर एक दिवस माझ्यासमोर उभी राहून म्हणते कशी, ‘बाबा, मला काटकोनाशी लग्न करायचंय.’

काटकोन हा माझ्याच गँगमधला फिटर. वय अठ्ठावीस. त्याने वाकवलेल्या सळईला गुण्या लावून बघा, केसाचाही फरक सापडायचा नाही, म्हणून काटकोन. माणूसही तसाच. उभा राहिला की ताठ, बसला की ताठ, बोलायचं तर मोजून चार शब्द. विनोद सांगितला तर हसत नाही, ‘बरं’ म्हणतो. हे दोघं जमले कसे? तर पोरीच्या यादीत एका रिंगेचं माप चार मिलिमीटरने चुकलं होतं आणि हा पठ्ठ्या शेजारच्या इमारतीवरून तीन मजले उतरून तिला सांगायला गेला. ती तासभर भांडली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. चार मिलिमीटरवर कुणाचं जमलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

मी सरळ नाही म्हणालो. कारणं धडाधड सांगितली: ह्या धंद्यात बोटांची वाट लागते, तो बोलत नाही, तुझं डोकं फिरलंय. खरं कारण सांगू? पोरगी घरातून जाईल, संध्याकाळी माझ्याशी वाद घालायला कुणी उरणार नाही, ह्याची भीती वाटत होती. पण हे काय तोंडावर सांगायचं असतं?

पोरगी म्हणाली, ‘त्याच्यात काही खोट दाखवा, मी विषय सोडते.’

उचलली जीभ लावली टाळ्याला, मी म्हणालो, ‘तळमजल्यावरचा मोठा बीम त्याला एकट्याच्या जबाबदारीवर देतो. मॅडमची एकही निळी खूण आली नाही तर माझा होकार. एक जरी आली तर पुन्हा नाव काढायचं नाही.’

‘एकही नाही?’

‘एकही नाही.’

तिने हात पुढे केला, मी टाळी दिली. मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. एकही खूण नाही असं कधी झालंय का?

तो बीम साधासुधा नव्हता. नऊ मीटर लांब, छातीएवढा खोल, वरच्या सहा मजल्यांचा भार त्याच्यावर. खालच्या सळया अंगठ्याहून जाड. रिंगा वरून उघड्या ठेवलेल्या, म्हणजे आतलं काम आटोपलं की वरच्या सळया टाकायच्या आणि प्रत्येक रिंगेवर टोपी बसवून बंद करायचं. काटकोनाने चार दिवस मान वर केली नाही. मी येता-जाता बघत होतो आणि माझा रक्तदाब वाढत होता, कारण चूक दिसेना.

शेवटच्या दिवशी मॅडम तीन वाजता येणार होत्या, चारला काँक्रीटचा पंप. बाराच्या सुमाराला मी ठरवलं, बाहेरून दिसत नाही तर आतून बघू. मी अंगाने बारीक आहे. हातात तार पिळायचा आकडा घेतला आणि वरून बीमच्या पिंजऱ्यात उतरलो. उतरताना काटकोनाला दम भरला, ‘मॅडम यायच्या आत वरचं सगळं बंद झालं पाहिजे. मी एकेक गाठ तपासतोय. मधे मला कुणी हाक मारायची नाही, काही विचारायचं नाही. कळलं?’

‘बरं,’ काटकोन म्हणाला.

आणि मी लागलो रांगायला. डोळे गाठींवर, नाक सळईला. ही गाठ ओढून बघ, घट्ट. ती ओढून बघ, घट्ट. अरे, एक तरी सैल ठेव की रे, माणूस आहेस ना! मधे एकदा काटकोन ‘काका’ म्हणाला, मी ‘गप, काम कर’ म्हणून खेकसलो. परत ‘काका’, परत मी खेकसलो. डोक्यावर खणखणाट चालला होता, पण लोखंडाचा आवाज आमच्या कानांना ऐकूच येत नाही. मधे जरा सावली आली. मला वाटलं, ढग आला.

दोन-अडीच तासांनी मी दुसऱ्या टोकाला पोचलो. एकही सैल गाठ नाही. वैतागून उठायला गेलो आणि हेल्मेट ठण्णकन आपटलं. वर बघतो तर आठ सळया, त्यांच्यावर टोप्यांची रांग, आणि सगळं तारेने आवळून बंद! डावीकडे साच्याच्या फळ्या ठोकलेल्या, उजवीकडे वीतभर अंतराने रिंगा, दोन्ही टोकांना खांबाच्या सळयांचं जंगल. ज्याने साऱ्या गँगला झापायचं, तोच पिंजऱ्यात.

मी ओरडलो, ‘अरे गाढवा! मी आत आहे!’

काटकोन वाकून रिंगेतून बघत म्हणाला, ‘माहीत आहे, काका. सांगायला दोनदा हाक मारली. तुम्ही गप म्हणालात.’

‘मग गप बसलास? अक्कल गहाण ठेवलीस का? उघड हे!’

‘वीसेक टोप्या सोडाव्या लागतील. मग मधल्या दोन सळया उचलायच्या. तास लागेल.’ त्याने जिन्याकडे मान वळवली. ‘आणि मॅडम आल्या.’

अडीच वाजले होते. आयुष्यात कधी नव्हे ती बाई अर्धा तास लवकर आली, आणि मागोमाग माझी पोरगी, हातात यादी घेऊन.

आता माझी अवस्था बघा. ओरडलो असतो तर काम तमाम. बीममध्ये माणूस म्हणजे खूण येणारच, काटकोन हरला, पोरगी घरी राहिली. पण आजवर ज्या बाईसमोर मी ऐटीत उभा राहिलो, तिला ‘मॅडम, मी अडकलोय’ म्हणायचं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी टोकाच्या अंधारात सरकलो आणि श्वास रोखून आडवा पडलो.

मॅडमचा टेप सुरू झाला. त्या रिंगा मोजत होत्या, अंतर बघत होत्या, गाठी हलवत होत्या. एक मीटर झाला, दोन झाले, पाच झाले. खडू खिशातून बाहेर आला नाही. रिंगांच्या फटीतून मला पोरीचा चेहरा दिसत होता. असा चेहरा मी तिच्या दहावीच्या निकालाला पाहिला होता.

आणि मग माझ्या मनात पाप आलं. लपवत नाही. माझ्या हातात आकडा होता, नाकासमोर गाठ होती. एक पीळ उलटा दिला की गाठ सैल. खूण येईल, ती त्याच्या कामावर येईल, आणि मी टाळीला जागलो असं होईल. मी आकडा गाठीत घातला. आणि हात वळेना! खरंच सांगतो, मनगट हलेना. तीस वर्षं ह्या हाताने गाठ मारलीय, चांगली मारलेली गाठ सोडायची त्याला सवयच नाही. आणि काय सुरेख गाठ होती ती! मला मारता आली नसती अशी. माझा मलाच इतका राग आला की मी तो आकडा खांबाच्या सळयांत दूर फेकून दिला.

तो खणकन वाजला. मॅडमचा टॉर्च थेट माझ्या तोंडावर.

‘मिस्त्री?’

‘जी, मॅडम.’

‘तुम्ही आत काय करताय?’

‘तपासणी, मॅडम.’

‘झाली?’

‘झाली. काम चोख आहे.’

‘बाहेर कसे येणार?’

मी काटकोनाकडे बघितलं. मॅडमनी ड्रॉइंग उघडलं, त्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत ड्रॉइंगमध्ये बघितलं. ‘हे ह्यात दाखवलेलं नाही,’ त्या म्हणाल्या. मग रिंगेतून हात घालून माझ्या हेल्मेटवर निळ्या खडूने भली मोठी फुली मारली. ‘इथे एक जास्तीचा नग आहे. काँक्रीटच्या आधी काढून घ्या. बाकी बीम पास.’

माझी गँग खोऱ्यांवर पडून हसत होती. बारापैकी एकाचीही माझ्याकडे बघायची हिंमत नव्हती, पण हसायची होती.

पोरगी मात्र हसत नव्हती. काटकोनही नाही. तो माझ्या हेल्मेटकडे बघून म्हणाला, ‘एक खूण आली, काका. मी हरलो.’ पक्कड घेतली आणि पहिली टोपी सोडायला बसला. पोरीने यादी डोळ्यांसमोर धरली. तिची हनुवटी लटपटत होती, ते मला यादीच्या खालून दिसत होतं.

असा हरणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी असतो तर मॅडमशी भांडलो असतो, नशिबाशी भांडलो असतो, खडू खाऊन टाकला असता. ‘अरे, ती खूण तुझ्या कामावर कुठे आहे?’ मी आतून ओरडलो. ‘माझ्या टाळक्यावर आहे! चूक माझी, खूण माझी. जा, पोरगी दिली तुला!’

काटकोन थांबला. मला वाटलं, आता तरी हसेल. तर म्हणतो, ‘आता नको, काका. तुम्ही आत अडकलाय. असा होकार मी धरणार नाही. बाहेर या, पाणी प्या, मग सांगा. नाही म्हणालात तरी चालेल.’

एवढं लांब बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं.

तासभर तो टोप्या सोडत होता. मी आत पडून होतो आणि डोक्यात एकच विचार: घाई करून, दटावून, रडवून मी ह्या पोरीकडून आयुष्यभर किती होकार घेतले असतील? तिने कुठल्या शाळेत जायचं, कपडे कुठले घालायचे. ह्याच्यासारखं ‘आधी बाहेर ये, मग सांग’ असं मी एकदाही म्हणालो नव्हतो.

शेवटी मधल्या सळया उचलल्या आणि मला काखेत धरून वर ओढलं. पाय मुंग्यांनी भरलेले, गुडघे सोललेले. पाणी प्यालो. मग काटकोनाच्या शेजारी बसून सोडलेल्या टोप्या परत बांधायला लागलो. त्याच्या तीन होईपर्यंत माझी एक होत होती. शेवटची टोपी आवळली, मॅडमनी मान हलवली, आणि मी उठून उभा राहिलो.

‘ऐका,’ मी म्हणालो. ‘मी बाहेर आहे. पाणी प्यालोय. शुद्धीवर आहे. पोरगी दिली.’

‘दिली म्हणजे?’ पोरगी उसळली. रागाच्या बाबतीत माझ्यावरच गेलीय. ‘मी काय सळयांचं बंडल आहे, उचलून द्यायला?’

‘मग काय म्हणू?’

‘नुसतं हो म्हणा. आणि मला म्हणा, त्याला नाही.’

मी तिच्याकडे वळलो. ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं. सगळी गँग बघतेय, खाली काँक्रीटचा पंप भोंगा वाजवतोय, मॅडम घड्याळ बघतायत, आणि मी तिथे ढसाढसा रडतोय.

‘तू गेलीस की मी भांडू कुणाशी?’ शेवटी बोलून गेलो.

तिने माझं हेल्मेट काढून हातात घेतलं. ‘रोज संध्याकाळी येईन भांडायला. आता बोला.’

‘हो,’ मी म्हणालो.