बत्तीस फाटकी पानं

माझ्या काकाला अख्खी गल्ली खळकाका म्हणते. पुस्तकबांधणीचं दुकान आहे त्याचं, आणि त्याच्या डाव्या बाहीवर वाळलेल्या खळीचा पांढरा पट्टा कायम असतो. लग्नाला जायचं म्हणून नवा शर्ट घालून निघाला, तरी दुकानाच्या दारातून बाहेर पडेपर्यंत तो पट्टा कुठून तरी येऊन बसतोच.

त्याचा हात खरा चालतो तो फाटलेल्या पानावर. लांबलांबची वाचनालयं त्याच्याकडे जुनी पुस्तकं पाठवतात. तो पान खिडकीच्या उजेडात धरतो, फाटलेल्या कडांचे तंतू एकमेकांत बसवतो, वरून तलम कागदाची पट्टी आणि पातळ खळ लावतो, आणि दगडाखाली दाबून ठेवतो. दुसऱ्या दिवशी ते पान कुठं फाटलं होतं हे पानालाही आठवत नाही. हे वाक्य माझं नाही, काकूचं. ती त्याची एवढी स्तुती करायची, पण त्याच्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची, "हात आहे म्हणून चाललंय, डोकं असतं तर आणखी चाललं असतं."

काकू शिवायची. घडी घातलेले कागद एकात एक बसवून मधोमध दोऱ्यानं शिवायचे, याला जुजबंदी म्हणतात, आणि ती काकूइतकी घट्ट कुणाची नव्हती. आईबाबा नोकरीवर, म्हणून मी शाळेतून सरळ दुकानात यायचे आणि त्या दोघांच्या टेबलाखाली कातरणांच्या ढिगात बसायचे. मला दोन आया मिळाल्या, असं मी सांगत फिरायचे. त्यातली एक, काकू, दोन वर्षांपूर्वी गेली.

मोठी होऊन मी चित्रकार झाले. काकाच्या मते चित्रकार म्हणजे ज्याला सरळ रेघ येत असूनही जो वाकडी काढतो. तरी माझं प्रत्येक प्रदर्शन तो बघायला येतो, चित्रांपेक्षा चौकटींचे कोपरे जास्त वेळ तपासतो आणि "काटकोन बरा आहे" असं म्हणून घरी जातो.

या वर्षी मी काकूची चित्रं काढली. साधी पेन्सिलची, आठवणीतून. दातात दोरा धरलेली काकू, सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटलेली काकू, पाठमोरी काकू, नुसते हात. सोळा कागद मधे दुमडून बत्तीस पानं झाली. आणि मग प्रत्येक पान मी बाहेरच्या कडेपासून आत फाडलं. तुकडे नाही केले, चित्राच्या मधे कुठंतरी थांबले. काकूचं काहीही आठवायला लागले की आठवण एका जागी येऊन फाटते, पुढचं दिसत नाही. ती हसताना दिसते, पण कशावर हसली ते गेलेलं असतं. मला तेच दाखवायचं होतं. प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनी ती फाटकी पानं पाहिली, पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मग म्हणाल्या, याचं पुस्तक कर, दालनाच्या मधोमध एकटं ठेवू. पत्रिकेवरही त्यांनी तसंच छापलं, 'बत्तीस फाटकी पानं'. एवढ्या मोठ्या जागी मला पहिल्यांदाच कुणी बोलावत होतं.

बांधायला मी ती काकाकडे दिली. दुसऱ्या कुणाकडे देणार? प्रदर्शनाला महिना होता, मला आणखी चार कामं होती. मी गठ्ठा टेबलावर ठेवला, "काका, नीट बांध हं, माझ्या नाकाचा प्रश्न आहे" एवढं म्हणाले आणि निघाले. का फाडलीत, काय फाडलीत, एक अक्षर बोलले नाही. आम्ही चित्रकार मंडळी दालनात अनोळखी माणसांना तासभर समजावून सांगतो आणि घरच्यांना गृहीत धरतो.

प्रदर्शन शुक्रवारी होतं. मंगळवारी सकाळी काकाचा निरोप आला, "पानं तयार आहेत, बघून जा, मग शिवायला घेतो."

गेले. काका मला बघून उठून उभा राहिला, हे एरवी तो वाचनालयाच्या मुख्य ग्रंथपालांसाठीही करत नाही. टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलं होतं आणि त्यावर माझे सोळा कागद. मी पहिलं पान उचललं. दुसरं उचललं. मग खिडकीशी नेऊन पाहिलं.

एकही पान फाटलेलं नव्हतं.

"काका, हे काय केलंस?"

"काय म्हणजे? जोडली." त्याचा चेहरा पहिला नंबर आलेल्या पोरासारखा झाला होता. "बत्तीसच्या बत्तीस. पेन्सिलीची रेघसुद्धा कुठं तुटू दिली नाही. शोधून दाखव."

"अरे, मी मुद्दाम फाडली होती ती!"

काकानं चष्मा कपाळावर चढवला. "मुद्दाम?"

"हो! तेच तर चित्र आहे!"

"चित्र तर काकूचं आहे."

"काका, मला विचारायचंस तरी!"

"फाटलेलं पान जोडायला कुणाला काय विचारायचं? वाचनालयवाल्यांना मी विचारतो का, की बाबांनो, हे तुम्ही हौसेनं फाडलंय का?"

दुसरी कुणी असती तर इथं हसली असती. माझा राग मात्र नाकावरच असतो, आणि शुक्रवार तीन दिवसांवर होता. "तुला फक्त बांधायला सांगितलं होतं," मी ओरडले. "तुझी कारागिरी माझ्या कामावर कशाला मिरवलीस? वाटोळं केलंस सगळ्याचं!" आणि पुन्हा फाडू या म्हणून मी एक पान दोन्ही हातांनी धरलं.

काकानं माझ्या हातावर हात ठेवला. "फाडू नकोस," तो हळूच म्हणाला. "नवीन फाटेल ते वेगळीकडेच फाटेल. मी सोडवतो."

"सुटतं?"

"खळ आहे ती, सरस नाही. ओल लागली की सोडते. जोडताना सोडवायची सोय ठेवायची, नाहीतर तो कारागीर कसला?"

त्यानं वाटीत पाणी घेतलं, बारीक कुंचला घेतला, पहिलं पान समोर ओढलं. आणि थांबला. पान उजेडात धरलं, तिरकं केलं, चष्मा खाली घेतला, पुन्हा वर चढवला.

"कुठं होतं गं?" त्यानं विचारलं. "मलाच सापडेना."

माझा निम्मा राग तिथंच उतरला. मी त्याच्याशेजारी काकूच्या स्टुलावर बसले आणि बोटानं दाखवलं. इथून सुरू, अंगठ्यापर्यंत. काकानं कुंचल्यानं रेघभर ओल दिली, पाच मिनिटं थांबला आणि चिमट्यानं तलम पट्टी उचलली. मनगटापासून अंगठ्यापर्यंत काकूचा हात पुन्हा उघडला. काकानं ते पान टिपकागदावर ठेवलं आणि दुसरं घेतलं.

दोन दिवस आम्ही तेच करत होतो. मी दाखवायचं, त्यानं सोडवायचं. मधेच तो विचारायचा, "हे इथंच का थांबलीस?" आणि मी सांगायचे. इथं ती मला काहीतरी म्हणतेय, पण काय ते आठवत नाही. इथं तिच्या मानेवर तीळ होता, उजवीकडे की डावीकडे ते ठरेना. काका ऐकून घ्यायचा. एकदा म्हणाला, "डावीकडे," आणि पुन्हा ओल द्यायला लागला.

बुधवारी दुपारी मला राहवेना. "काका, मी तुला फार लागेल असं बोलले. तू महिनाभर खपलास."

"अगं, मला कुठं कामाचं दुःख आहे?" त्याचं लक्ष पानावरच होतं. "तू गठ्ठा टाकून गेलीस, मी सोडून बघितला, तर ही. आणि सगळीकडे फाटलेली. मला बघवेना. म्हटलं, हे तर आपल्याला येतं. वाचनालयाची कामं बाजूला ठेवली आणि रोज एक-दोन पानं करत गेलो. दुकान उघडताना वाटायचं, चला, आज ती चष्मा घालतेय ते पान आहे. आज हसतेय ते. सगळी जोडली. एक फट ठेवली नाही." त्यानं कुंचला वाटीच्या काठावर टेकवला. "तरी नाही आली ती."

मी त्याच्या खळीच्या बाहीवर डोकं टेकलं आणि मनसोक्त रडले. काकूनंतर त्या दुकानात आम्ही दोघं एकमेकांसमोर रडलोच नव्हतो. तोही रडला, पण पान आधी बाजूला सरकवून. डाग पडला असता.

संध्याकाळपर्यंत एकतीस पानं झाली. एकच उरलं, शेवटचं. त्यात काकू शिलाई संपवून दोरा तोडतेय आणि वर बघतेय, टेबलापलीकडे जो कुणी बसला असेल त्याच्याकडे. तिथं कोण बसायचं हे मला माहीत होतं. मी ते पान समोर ठेवलं आणि फाट दाखवायला बोट पुढं केलं. गालावरून डोळ्यापर्यंत होती ती.

काकानं कुंचला उचलला नाही. त्यानं पान फडक्यानं उगाच पुसलं, त्याचे कोपरे तपासले, दगडाखालचे कागद मोजले.

"एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला, माझ्याकडे न बघता, गिऱ्हाइकाशी बोलतात त्या आवाजात. "शेवटचं पान फाटकं असलं ना, की शिलाई धरत नाही. पुस्तक सैल पडतं. बांधणीतला नियम आहे तो. हे एक अखंडच ठेवावं लागेल."

मी त्या टेबलाखाली वाढले. शिलाई घडीत असते, पानाच्या बाहेरच्या कडेशी तिचा काडीचाही संबंध नसतो. असा कुठलाही नियम नाही, आणि पत्रिकेवर बत्तीस छापलेलं आहे.

"हो ना," मी म्हणाले. "शेवटचं फाटकं असलं तर नाहीच धरत."