पदराच्या सावलीतलं तोंड

उद्या धुरपदाचा तेरावा, आणि हार घालायला घरात तिचा एक धड फोटो नव्हता. धुरपदा माझी धाकटी जाऊ. चाळीस वर्षं एका चुलीवर काढली आम्ही, पण कुणी फोन समोर धरला की ती पाठ फिरवायची. आधारकार्डावरचा फोटो वाढवून बघितला, तर गालावर फरशा बसवल्यासारखं दिसलं. सकाळपासून मला बसवत नव्हतं. घरातून अंगणात, अंगणातून घरात. पाहुण्यांपुढं रिकामी चौकट ठेवायची का, म्हणून सुनांना विचारलं, तर त्या माझ्याकडंच बघत राहिल्या. जशी काही चौकट मी रिकामी केली.

शेवटी एक सापडला. माझ्या नातवाच्या, युवराजच्या लग्नातला, तीन वर्षांमागचा. मांडवाच्या दारात सगळे रांगेनं उभे, मधोमध मी आणि धुरपदा टोकाला. पण तिचं तोंड म्हणजे पदराच्या सावलीत नुसता अंधार. आमच्यात थोरल्या दिरापुढं बायका पदर ओढतात, आणि माझे मालक रांगेत होतेच. तरी बिचारीनं फोटोपुरता मागं सारला होता. पदर घे खाली, असं मीच तिला म्हटलं होतं. त्याची मला कुणी आठवण करून द्यायची गरज नव्हती.

धुरपदाचा लेक बलभीम, त्याची पोरगी गायत्री आणि मी, असे तिघं बेंबळीहून धाराशिवला शांतलिंगच्या स्टुडिओत गेलो. लग्नाचे फोटो त्यानंच काढले होते. त्यानं तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि सावलीतला उजेड वाढवला. गालावर राखाडी पट्टे उमटले, नाक चौकोनाचौकोनांत तुटलं. तुझं मशीन बिघडलंय, असं मी त्याला सुनावलं.

तो चिडला नाही. म्हणाला, ही फोनवर उघडणारी फाइल, जेपीजी. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हिला दोनशे छप्पन्नच पायऱ्या, आणि अंधारातल्या त्याहून थोड्या. शिवाय जागा वाचवायला बारीकसारीक आधीच टाकून दिलेलं. कॅमेऱ्यातल्या कच्च्या फाइलीला सोळा हजारांवर पायऱ्या असतात. बारवेत पायऱ्या लागून असल्या की पाय सापडतो, मधल्या काढल्या की उडी मारावी लागते. हे पट्टे म्हणजे त्या उड्या.

"मग ती कच्ची काढ की," मी म्हटलं.

"माझी डिस्क मागल्या वर्षी खराब झाली, आजी. पण तुमाला पेनड्राइव्हवर दोनी दिल्या होत्या."

दिल्या होत्या. दोन फोल्डर होते, आणि त्यातला एक कुणाच्याच फोनवर उघडेना. फोटोवाल्यानं कुजका माल भरून जागा अडवली, असं चारचौघांत म्हणून मी तो नव्या नातसुनेकडून पुसून घेतला होता. हे शांतलिंगला सांगायला माझी जीभ उचलेना. मी उठले, दारापर्यंत गेले, परत आले. बलभीम रस्त्याकडं बघत होता. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

गायत्रीनं पिशवीतून लॅपटॉप काढला. "माझ्याकडं हायत त्या फाइली," ती खाली बघत म्हणाली. "तुमी पुसायला सांगितलं, तवा माझ्या आजीनं मला माडीवर बोलावलं. म्हणली, अक्का जे टाकायला लावतेत, ते आधी ठेवून घेत जा."

अक्का म्हणजे मी. सकाळपासून तोंडाला कुलूप का लावलं होतं, विचारलं, तर म्हणाली, आजीचं हे बोलणं तुमच्यापुढं कसं काढू.

शांतलिंगनं कच्ची फाइल उघडली. ती आधीपेक्षाही मरगळलेली दिसली. मग त्यानं सावली हळूहळू उचलली. पट्टे आले नाहीत. हनुवटी आली, नाकातली फुली आली, मग डोळे. चाळीस वर्षं मला वाटायचं, पदराखाली तिची नजर जमिनीवर असते. ती रांगेतल्या माझ्याकडं बघत होती. सरळ, ओठ घट्ट मिटून. पुरे झालं तुझं, असं बघणं.

बलभीमनं आईचे ओठ जरा हसरे करता येतील का, असं विचारलं. शांतलिंग म्हणाला, दोन मिनिटांचं काम. आणि तिघंही माझ्याकडं बघायला लागले, कारण आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो.

"तिच्या तोंडाला हात लावू नको," मी म्हटलं.

"मोठी आई, लोक इचारतील, कुणाकडं बघतीय म्हणून," बलभीम म्हणाला.

"इचारू दे. म्या फोटोशेजारीच बसनार हाय."

रांगेतली बाकीची माणसं कापून टाकायला सांगितली, मलाही. छापायला आता लहान फाइल चालते, असं शांतलिंग म्हणाला. चालू दे, पण कच्ची गायत्रीपाशीच राहील, असं मी बजावलं. वीस मिनिटं लागतील, बसा, म्हणून त्यानं खुर्ची सरकवली.

मी उभीच राहिले.