जाळीची नक्षी

आठ पिल्लांपैकी तिघांना डोके सरळ धरता येत नव्हते. ती मान पिळून हनुवटी वर करीत आणि पाठीवर कलंडत. उरलेली पाच सरळ सरपटत होती.

मुरूमजवळच्या शेतातल्या खोलीत निकिता पिल्लांच्या काचेच्या पेटीसमोर बसली होती. ती उमरग्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवी. पिल्ले तिचा थोरला भाऊ रणधीर याने रीतसर नोंदणी करून पाळलेल्या आफ्रिकी अजगरांच्या जोडीची होती. त्याच्यापुरता निकाल केव्हाच लागला होता.

“महालिंगप्पाची फवारणी,” तो म्हणाला. “परवा तुरीवर मारली, काल ही अशी निघाली. वारं इकडंच होतं.”

निकालामागोमाग शिक्षाही सुरू झाली होती. सामाईक विहिरीच्या मोटारीचा फ्यूज रणधीरच्या खिशात होता आणि शेजारच्या महालिंगप्पाची तूर ऐन फुलोऱ्यात पाण्यावाचून उभी होती. त्याची दोन मुले सकाळपासून बांधावर उभी होती. एकाच्या हातात कुऱ्हाड होती. तोडण्याजोगे झाड तिथे एकही नव्हते.

“दादा, आठही एकाच पेटीत होती?”

“व्हय.”

“मग पाच जणांनी श्वास रोखून धरला होता का?”

“चेष्टा तुझ्या कालेजात कर, निके. इथं न्हाय.”

तिने वाकड्या मानेची पिल्ले उचलून वेगळी ठेवली. तिघांच्याही अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी होती. उरलेल्या पाचांत ती एकाच्याही अंगावर नव्हती.

“ही नक्षी कुणाची?”

“बापाची. लई देखणा हाय. अन् डुलतो कसा बघ, गारुड्याच्या नागागत.”

शेजारच्या पेटीत नराची मान थरथरत होती. समोर पुंगी नव्हती, कुणी माणूसही नव्हते.

“कधीपासून डुलतो?”

“आणला तवापासनं. गेल्या उन्हाळ्यात.”

“तेव्हा रानात तूर होती?”

रणधीरने नराकडे पाहिले, मग पिल्लांकडे. बाहेर कुऱ्हाडवाला बांध उतरून अलीकडे आला होता.

“फ्यूज दे,” निकिता म्हणाली.

खिशातला हात बराच वेळ बाहेर आला नाही. मग आला. फ्यूज घेऊन ती स्वतःच बांधाकडे चालत गेली.

जाळीची नक्षी घडवणाऱ्या जनुकानेच आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग सदोष घडवला होता. ज्या पिल्लाला नक्षी मिळाली, त्याला तो दोषही मिळाला. आणि रणधीरने नर निवडला होता, तो ती नक्षी पाहूनच.