ज्वारीतली हिरवी बांगडी

१९८३च्या फेब्रुवारीत धारवाडच्या आमच्या नकाशा-कचेरीत बेलूर शिवाराची हवाई छायाचित्रे आली. कारखान्यांसाठी ते शिवार सपाट व्हायचे होते. त्यापूर्वी नकाशावर ‘जुने अवशेष नाहीत’ असा शेरा हवा होता आणि आखणीकार म्हणून त्याखाली सही माझी लागणार होती.

छायाचित्रांची जोडी उठावदार दाखवणाऱ्या स्टिरिओस्कोपखाली एका ज्वारीच्या शेतात मला गडद कडे दिसले. पूर्वेला ते तुटलेले होते. छायाचित्रावर व्यास सहा मिलिमीटर. प्रमाण दहा हजारास एक. म्हणजे जमिनीवर साठ मीटर. मी तीनदा मोजले.

“काय किल्लेदार, नवा गड?” आमचे प्रमुख मुकुंदराव म्हणाले. सगळे हसले. दोन वर्षांपूर्वी अळणावरजवळ मला तटबंदी दिसली होती. ती वखारीतल्या ओंडक्यांची रास निघाली. चूक माझीच होती. तेव्हापासून हे नाव मला चिकटले होते.

“अहो केदारी, खळे आहे ते. मळणीचे बैल गोल फिरतात ना, त्याचे.”

“साहेब, खळ्याची जमीन खुरांनी घट्ट बसते. तिथे पीक खुरटते आणि फोटोत फिकी चकती उमटते. इथे कडच गडद आहे. शिवाय साठ मीटरच्या खळ्यात बैल फिरवायला सगळ्या गावाच्या जोड्या लागतील.”

“हेड आखणीकाराची जागा रिकामी होते आहे. शिफारस मला लिहायची आहे,” ते शांतपणे म्हणाले. “सोमवारी शेरा द्या.”

छायाचित्रे कचेरीबाहेर नेण्यास मनाई होती. मी अंतरे वहीत उतरवली आणि रविवारी फीत व पहार घेऊन बेलूरची बस पकडली.

शेत लक्कव्वाचे होते. तिची कापणी आटोपली होती. मोकळ्या रानात तेवढे कडे मात्र हिरवेगार उभे होते.

“सरकारी मोजणी का, अण्णा?”

“नाही अक्का, माझी. हे का नाही कापलं?”

“ती हसिरू बळे. हिरवी बांगडी. बाकीची ज्वारी वाळते, तिथली ओलीच राहते. माझी सासूपण ती आठ दिवस मागून कापायची.”

“इथं कधी खळं होतं?”

“खळं? खळं तिकडं, लिंबाखाली. कुठल्या शहाण्यानं सांगितलं?”

“आमच्या साहेबांनी.”

“त्यांना बैल कसा असतो, ते तरी दाखवा एकदा!”

फितीने व्यास साठ मीटर, चाळीस सेंटिमीटर भरला. कड्याबाहेर पहार दोन फुटांवर मुरमाला खणकन् लागली. कड्यात ती पाच फूट गेली, तरी तळ लागला नाही. बारा ठिकाणी ठोकली. बाराही वेळा तेच. कोणीतरी कधीकाळी मुरमात गोल चर खणला होता, तो पुढे गाळाने भरला, आणि त्या खोल गाळात ओल टिकत होती.

सोमवारी मी ट्रेसिंग कापडावर काळ्या शाईने ते कडे आखले आणि शेजारी लिहिले: ‘मुरमात खणलेला जुना चर. उत्खननाविना सपाटीकरण करू नये.’ खाली बारा नोंदी आणि सही.

मुकुंदरावांनी ब्लेड पुढे सरकवले. “खरवडा.”

“नाही साहेब.”

“पुन्हा ओंडके निघाले तर?”

“तर पुन्हा किल्लेदार म्हणा. पण जे पाहिले, मोजले आणि पहारीने तपासले, ते ‘नाही’ असे मी लिहिणार नाही.”

“एवढा ताठा कशाचा हो?”

“माझ्या वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. त्या दिवसापासून आमच्या घरात खाली मान घालून हो म्हणत नाहीत. आपल्याला खरवडायचे असेल तर खरवडा. मात्र ‘मी खोडले’ असे लिहून सही करा.”

त्यांनी ब्लेड उचलले. कापडावर टेकवले. मग बाजूला ठेवून कड्याशेजारी ‘आखणीकाराचे वैयक्तिक मत’ असे लिहिले आणि तक्ता वर पाठवला.

पावसाळ्यापूर्वी शिवार सपाट झाले. नकाशावर लेखी आक्षेप असलेल्या जागेवर यंत्र घालायला मात्र कोणी धजले नाही. तेवढ्या एका एकराभोवती खुंट्या ठोकून काम पुढे सरकले. हेडची जागा माझ्या मागून नोकरीला लागलेल्या माणसाला मिळाली, आणि मी आखणीकार म्हणूनच निवृत्त झालो. तिथे उत्खनन अजून झालेले नाही. कोणी विचारायला आले, तर मी व्यास सांगतो, आणि पहार नेमकी कुठे ठोकायची तेही.